संबोधीचा बाप्तिस्मा

संबोधी ख्रिस्ती होण्यासाठी चर्चमध्ये शिकायला जाऊ लागली, त्या दिवसापासून अश्वजितनं धाकट्या बहिणीशी बोलणं टाकलं. “आजोबांनी घरात आणलेला बुद्ध पुरला नाही हिला!” असं महूभर सांगत फिरायचा. ती वर्षभर शिकत राहिली. बाप्तिस्मा ईस्टरला होणार होता.

त्याआधीच तिच्या लिव्हरनं दगा दिला. इंदूरच्या आयसीयूत तिला घरघर लागली आणि फादर झाबुआत अडकलेले.

“जीव जात असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं,” ते फोनवर अश्वजितला म्हणाले. “तुम्हीच द्या.”

“अरे फादरजी, मी बौद्ध आहे! चलेगा क्या?”

“तिला हवंय तेच द्यायचंय ना? मग चालेल. पाणी घ्या.”

अश्वजितनं तिच्या कपाळावर पाणी ओतलं. “संबोधी, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो.”

वर्षभरात तो तिच्याशी एवढंच बोलला.