मांडवाचा सण

पक्कं तीन खोल्यांचं घर असताना हौसेनं झोपडीत जाऊन जेवणारा माणूस सगळ्या दिल्लीत एकच असेल, आणि त्याच्याकडे मी पोळ्या करते. काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी यहुदी. नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत झाली, आता करोल बागेत एकटे राहतात. एकटे असले तरी जेवायला इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. भाजीत मीठ कमी पडलं तर मला तोंडानं सांगत नाहीत, डब्याखाली चिठ्ठी ठेवतात: "मिठाबाबत विचार व्हावा." पावसाळा सरला की त्यांची झोपडी गच्चीवर उभी राहते आणि दर वर्षी पडते. कारण काका आधी तिचा नकाशा काढतात आणि मग बांबू फाईलच्या नाड्यांनी बांधतात. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी एकदा म्हणाल्या, "अंकलजी, टेंटवाले को बुला लो ना!"

"नहीं मॅडम, छत पत्तों की चाहिए. उसमें से तारे दिखने चाहिए."

"दिल्ली में तारे? अंकलजी, आप भी ना!"

सणाचं नाव सुक्कोत, काका मांडवाचा सण म्हणतात. मी एकदा भीत भीत विचारलं, तर कणीक मळून होईपर्यंत सांगत राहिले. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते. तिथून सुटले आणि चाळीस वर्षं वाळवंटात भटकले, तेव्हा अशाच आडोशाला राहिले. कुणी म्हणतं, सुगीला शेतकरी शेतातच खोपटं बांधून राहायचे, त्याचा हा सण. "दोन्ही खरं धर," काका म्हणाले. "पक्क्या भिंतींचा माज चढू नये म्हणून सात दिवस बाहेर जेवायचं."

गेल्या वर्षी छप्पर काकांच्या खांद्यावर आलं. परदेशातल्या लेकीनं फोनवर बजावलं, "बाबा, आणखी एकदा पडलं तर झोपडी कायमची बंद. शपथ घ्या." काकांनी घेतली. यंदा सण लागायचा तो दिवस आला. दुपारी मी गच्चीवर गेले तर खांब कलले होते आणि काका जमिनीवर बसून नुसते बघत होते. सण दिवस मावळताना लागतो, आणि लागल्यावर बांधलेलं त्यांना चालत नाही.

मी नाड्या सोडल्या. सुतळी भिजवली, बांबू वाकवून कमानी केल्या, गाठी आवळल्या. "पहिली झावळी मी ठेवणार," एवढंच काका म्हणाले. बाकीच्या मी रचल्या. संध्याकाळी वारा सुटला. झोपडी हलली नाही, पुढचे सातही दिवस हलली नाही.

"कुठं शिकलीस गं हे?" पहिल्याच संध्याकाळी काकांनी विचारलं.

दिल्लीत मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहायचं, म्हणजे पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. चौथीनंतर मीही त्यांच्याबरोबर गेले, शाळा तिथंच सुटली. हे मी मान खाली घालून सांगितलं.

झोपडीत एकच खुर्ची होती. काका उठले आणि ती माझ्याकडे सरकवली. "आम्ही सगळे पक्क्या घरात जन्मलो. आमची आठवण पोथीतली. तू राहिलीयस. बस, यंदा तू सांग."

"काय सांगू, काका?"

"थंडी कशी लागायची ते सांग."

मी बसले. पहाटे पाचटातून दव गळायचं आणि आई माझ्या तोंडावर पदर धरून बसायची, ते सांगितलं. सांगता सांगता वाटलं, मग ती झोपायची कधी? तिला मी कधी विचारलंच नाही.