चुलीजवळ ठेवलेला ढोल

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वरंधा घाटाकडच्या आमच्या शाळेला एसटी सोडल्यावर तासभर चालावं लागतं आणि वाटेत झुडूप हललं तरी मी मोठमोठ्यानं पाढे म्हणतो. पण त्या भाद्रपदात जी भीती वाटली, तिच्यापुढं पाढे काय करणार?

वरच्या धनगरवाड्यातल्या शेळ्यांनी खालच्या गावातल्या एका शेतकऱ्याची नाचणी खाल्ली होती. काठ्या निघाल्या, वाड्यातल्या एकाचं डोकं फुटलं. दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गात मधोमध खडूची रेघ आली. वाड्याची पोरं खिडकीकडं, गावची दाराकडं. मी शांततेवर भाषण दिलं. ते रंगात आलं असताना एक डस्टर माझ्या कानाजवळून गेलं.

मग मी गावच्या भजनातले टाळ आणले आणि धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्या आबांकडून ढोल मागून घेतला. नियम एकच : ज्याला वाजवता येतं त्यानं वाजवायचं नाही, रेघेपलीकडच्याला शिकवायचं. टाळ वाड्याच्या पोरांकडं गेले. ढोल आला गावच्या एका मुलीकडं, नेमकी त्या नाचणीवाल्याच्याच लेकीकडं.

आबा म्हणाले होते, "शिकू दे पोरगी. पर ढोल देवाचा हाय, गुरुजी. उघड्या भुईवर ठेवायचा न्हाई, वलांडायचा न्हाई. जपा."

मी जपला. घोंगडीवर ठेवला, रोज नमस्कार केला. पंधरा दिवसांत खडूची रेघ पायाखाली पुसली गेली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की आरशात बघून मिशी पिळली.

पण पावसाळी हवेनं ढोल सादळला. थाप मारली की ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. वाड्यावर ढोल आगीवर शेकतात, हे मी जत्रेत बघितलं होतं. बघितलं होतं म्हणजे येत होतं, अशी माझी समजूत. पोरं मैदानात होती, खिचडी शिजवणाऱ्या मावशी पाण्याला गेल्या होत्या. मी ढोल चुलीला टेकवला आणि मोबाईलवर हजेरी भरायला बसलो.

फट्ट!

कडेपासून मध्यापर्यंत कातडं उललं होतं. मी ढोल उचलून वर्गात घोंगडीवर नेला आणि, सांगायला लाज वाटते, फाटकी बाजू भिंतीकडं केली.

पोरांना ते दिसायला किती वेळ लागणार? "हिनंच फाडला!" वाड्याची पोरं ओरडली. "आमी न्हाई!" गावची ओरडली. ती मुलगी नुसती माझ्याकडं बघत राहिली. आणि मी, शांततेचा शिक्षक, फळ्यावर तारीख लिहीत राहिलो.

सकाळी शाळेत पोचलो तर दोन्हीकडची माणसं ओट्यावर, समोर घोंगडीवर ढोल. आबांच्या खांद्यावर कुऱ्हाड. ती त्यांच्या खांद्यावर रोजच असते, पण त्या दिवशी तिचं पातं मला ताटाएवढं दिसलं. नाचणीवाल्याच्या हातात काठी. मधे भिंतीला चिकटून ती मुलगी.

"माजी लेक देवाला इजा करंल व्हय?" तो म्हणाला.

"मग कुनी केली?" आबा म्हणाले. "आधी डोस्कं फोडलं, आता ढोल."

काठी जरा वर आली. पळायची वाट मी डोळ्यांनी मोजून ठेवली होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आबा, म्या न्हाई वो," आणि तिला हुंदका फुटला.

"मी फाडला," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण शेळीसारखा आला. "चुलीला टेकवला होता."

आबांनी कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. मी डोळे मिटले.

"चुलीला?" आबांचा आवाज आला. "आरं, ढोल हाय का वांगं? लांबून फिरवत शेकत्यात त्याला!"

"आन् काल का बोलला न्हाई, मास्तर?" नाचणीवाला माझ्यावर आला. "पोरीवर आळ येऊ दिला?"

"व्हय, ते लई वंगाळ केलं," आबांनी त्याला दुजोरा दिला.

मग दोघांनी मिळून मला असं झापलं, की एकाचा दम संपला की दुसरा सुरू. मावशीही येऊन चार शब्द टाकून गेल्या. "ह्यांना साधा च्या तरी करता येतो का, इचारा आबा." मी मान खाली घालून उभा. कातडं मी आणायचं आणि वाड्यावर येऊन मढवायला हात लावायचा, असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

आबा खाली बसले, कुऱ्हाड मांडीशी ठेवली आणि ढोल फिरवून शाबूत बाजू वर केली. "ये गं. काय शिकलीस, दाव."

तिनं नाक पुसलं, दबकत थाप मारली. आवाज फुटका, ढिला. वाड्याच्या एका पोरीनं टाळ उचलले. नाचणीवाल्यानं काठी भिंतीला लावली आणि आबांच्या शेजारी उकिडवा बसला.

मी मात्र दारातच उभा राहिलो. कुऱ्हाड अजून आबांच्या हाताशीच होती.