खरेदीचं निमित्त

मामा-मामी रविवारी सकाळी चिकोडीहून बेळगावला आमच्या घरी आले, तेव्हाच मी सावध झाले. "काय न्हाय गं, नुसतं फिरायचं, बाहेर खायचं, थोडी खरेदी," मामी म्हणाली. नुसतं! आमच्यात नुसतं काही नसतं.

पोहे करून मुलगी दाखवायची पद्धत आमच्या घरानं कधीच सोडली. आता मुलीला खरेदीला न्यायचं आणि तिथं मुलगा अचानक भेटवायचा. नकार आला तरी कुणाची नाचक्की नाही. मागं आइस्क्रीम खायला गेलो, तर सदलग्याचे लोक असेच अचानक भेटलेले. आईनं मला सारखं पाणी आणायला उठवलं, त्यांना माझी चाल बघता यावी म्हणून. पस्तिशी उलटलेली, कॉलेजात शिकवणारी मी ग्लास घेऊन फेऱ्या मारत होते. त्या दिवशीच ठरवलं, पुन्हा असं झालं तर तोंडावर सांगायचं, मला लग्न करायचं नाही.

आईला सांगून झालं होतं. मामांना कसं सांगणार? वडील गेल्यावर आमचं सगळं त्यांनीच बघितलं. आमच्यात अक्षता पडताना नवरीच्या अंगावर मामाची पिवळी साडी लागते, आणि तिला हात धरून मांडवात आणतो तोही मामाच. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ते ऐकवत आलेत, "हिची साडी अशी घेणार, की गाव बघत ऱ्हाईल."

हॉटेलात लोणी डोसा आला, मी नुसतेच त्याचे तुकडे करत बसले. शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला एकटाच बसलेला. हाच असणार! त्यानं बघितलं की मी मान फिरवायची. शेवटी त्याची बायको दोन पोरं घेऊन आली, तेव्हा कुठं एक घास गेला. मिठाईच्या दुकानात कुंदा घ्यायला थांबलो तर तिथं एक हेल्मेटवाला रेंगाळत होता.

"मामा, कुणाची वाट बघताय का?"

"व्हय की. कुंदा कवा बांधून देतोय त्याची," मामा म्हणाले. आई खाली बघत होती. म्हणजे नक्कीच काहीतरी शिजत होतं.

मग खडेबाजारात साडीचं दुकान. "बन्री आक्का, बन्री," असं कानडीत या-या म्हणत दुकानदारानं गादीवर बसवलं आणि ढीग घातला. निळ्या, आमसुली, हिरव्या. माझं लक्ष दाराकडं. मामा म्हणाले, "उठ, ही खांद्यावर टाक. आरशापुढं जरा चालून दाखव."

झालं! माझं डोकंच फिरलं.

"कोण येणार हाय ते सांगा एकदा, आणि त्याला परत पाठवा! मला लगीन करायचं न्हाय, मामा. आत्ता न्हाय, नंतर बी न्हाय."

दुकानदाराचा हात घडीवरच थांबला. मामा शांतपणे म्हणाले, "कोण न्हाय येत गं. बस खाली. तुझ्या आईनं सांगितलंय मला. आता स्थळ बघायचं बंद. पण मी पिकलं पान. तुझी साडी माझ्या हातनं ऱ्हाऊन गेली तर? लगीन तुझं, ते तू बघ. साडी माझी हाय, ती मी देणार."

दिवसभर पदर खोचून भांडायला तयार होते, आणि भांडायला समोर कुणीच नाही. हायसं वाटलं. पण आता कुणी कधीच बघायला येणार नाही, हेही त्याच क्षणी कळलं, आणि रडूच कोसळलं.

"डोळं पूस आधी," मामी म्हणाली. "साडी भिजवलीस तर हीच घ्यावी लागंल."

हसले मी. मग लक्षात आलं. "एवढ्या ढिगात पिवळी एक बी न्हाय?"

"मीच नको म्हटलं त्यास्नी," मामा म्हणाले. "तुला वाईट वाटंल म्हणून."

"काका, पिवळ्या काढा," मी दुकानदाराला सांगितलं.

जरा गडद, हळदीच्या रंगाची घेतली. बाहेर आलो तर रस्त्यावर ही गर्दी, रिक्षा थांबता थांबेनात. मामांनी साडीची पिशवी मामीकडं दिली आणि रस्ता ओलांडायला माझा हात धरला.

"माझी मी जाईन की मामा, रोजचा रस्ता हाय माझा."

"असू दे," मामा म्हणाले. "हे बी माझंच काम."