मी फार आनंदात होते तेव्हा

डॉक्टर मॅडमनी माझ्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी हसत होते.

बारामतीतल्या एका दवाखान्याच्या लहानशा खोलीत आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. आई, माझे वडील म्हणजे आबा, कॉलेजातल्या आमच्या माने मॅडम आणि मी. आल्यापासून माझं तोंड बंद नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून इंदापूरच्या पेरूपर्यंत सगळ्यावर मी बोलत होते. डॉक्टर मधूनमधून एखादा प्रश्न विचारत आणि मी त्याचं उत्तर सोडून चार दुसरी उत्तरं देई.

"याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात," त्या आबांकडे बघून म्हणाल्या. मग त्यांनी सावकाश समजावलं. प्रत्येकाचं मन थोडं वरखाली होतच असतं. या आजारात ते फार वर जातं, नाहीतर फार खाली जातं, आणि औषधाशिवाय लवकर जागेवर येत नाही. खाली गेलं की डिप्रेशन. वर गेलं की मेनिया. मी आत्ता मेनियात होते.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पर ती तर खूश हाय," ते म्हणाले. "खूश माणसाला कसला आजार, डॉक्टर?"

"म्हणूनच तो उशिरा कळतो," डॉक्टर म्हणाल्या.

मी हे लिहितेय ते त्या एका वाक्यासाठी. तुम्ही घरापासून लांब शिकत असाल, किंवा तुमचं कुणी शिकत असेल, तर वाचा. रडणाऱ्या पोरीकडे कुणाचं तरी लक्ष जातं. हसणाऱ्या पोरीकडे जातंच असं नाही.

मी इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आबांनी शेती धरली, दारात आता चार शेळ्या उरल्यात. एम.एस्सी. करायला, तेही मायक्रोबायोलॉजीत, आमच्या घरातून पहिली मीच बाहेर पडले. कॉलेज बारामतीला, राहायला हॉस्टेल, आणि रूममध्ये बावड्याची तेजश्री. तिला सगळे तेजू म्हणतात.

आता मागं बघितलं की कळतं, आजार दिवाळीनंतरच सुरू झाला होता. तेव्हा तो उलट्या बाजूनं आला होता. मला उठावंसं वाटत नसे. वेणी घालायचाही कंटाळा यायचा. वर्गात मागच्या बाकावर बसायचे, कुणाशी बोलायचे नाही. सगळे म्हणायचे, वैशाली किती शांत, किती अभ्यासू. खरं तर पुस्तकाचं एकच पान माझ्यासमोर तासन् तास उघडं असायचं.

संक्रांतीनंतर ते ओझं आपोआप उतरलं, आणि काही दिवसांतच मी उडायला लागले.

झोपेची गरजच वाटेना. रात्रभर जागून सकाळी मी सगळ्यांच्या आधी तयार. वर्गात प्रत्येक प्रश्नाला माझा हात वर. गॅदरिंगचं निवेदन मी घेतलं, नाटकात मी, रांगोळीत मी. शेळगावात केळीची रोपं तयार करणारी लॅब काढायची असं माझ्या मनानं घेतलं आणि लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना मी फोन लावत सुटले. गावातल्या पोरींना नोकऱ्यासुद्धा देऊन टाकल्या. घरी फोन केला की आबा कौतुकानं शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी लय पुढं जायाची बगा." माने मॅडमनी भर वर्गात सांगितलं, वैशालीकडून शिका.

खाली होते तेव्हा मी गुणी ठरले, वर गेले तेव्हा हुशार. आजारी आहे असं एकदाही कुणाला वाटलं नाही.

तेजूला वाटलं.

तिच्या लक्षात आलं की मी ताट घेते आणि जेवत नाही. बोलताना माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू होतं. मग एक दिवस मेसमध्ये मी कानातली सोन्याची फुलं काढली आणि मेसवाल्या मावशींच्या मुलीला देऊन टाकली. वर म्हटलं, मला आता याची गरज नाही. मावशींनी ती फुलं पदराच्या टोकाला बांधली आणि संध्याकाळी गुपचूप तेजूला आणून दिली. "पोरीचं कायतरी बिनसलंय," त्या म्हणाल्या. "तू बघ."

दुसऱ्या दिवशी तेजू माने मॅडमकडे गेली. तिनं नंतर मला सांगितलं, ती जिन्यावरून दोनदा परत फिरली होती. मैत्रिणीची चहाडी करतोय असं तिला वाटत होतं. मॅडमना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, ती खूश नाहीये. तिला काहीतरी होतंय."

मॅडम त्याच दुपारी तेजूबरोबर हॉस्टेलवर आल्या, माझ्या कॉटवर बसल्या. मी लॅबचा सगळा बेत सांगितला, त्यांनी तो ऐकून घेतला. हे चूक, ते अशक्य, असं काही म्हणाल्या नाहीत. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "वैशाली, लॅबचं नंतर बघू. तू झोपत नाहीस, जेवत नाहीस. मला तुझी काळजी वाटते. आपण डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येते."

मला भयंकर राग आला. "तुम्ही जळता माझ्यावर. ही तेजूपण जळते." मी उशी भिंतीवर फेकली.

मॅडमनी उशी उचलून कॉटवर ठेवली. "राग आला तर येऊ दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी फोन करणार आहे, हे तुला सांगूनच करते. तोवर मी इथंच बसलेय."

आणि त्या बसल्या. आबा येईपर्यंत.

आबा-आई चुलत्याच्या गाडीतून आले. वाटेत आत्याचा फोन आला होता, की हे बाहेरचं आहे, आधी देवऋष्याकडे न्या. आबा तिला म्हणाले, "ते बी बगू. आधी दवाखाना." आबांची शाळा चौथीपर्यंतची. त्या दिवशी त्यांनी ठरवलेला तो क्रम माझ्या फार उपयोगी पडला.

दवाखान्यात आधी रक्त तपासलं. थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, बिघडली तरी माणूस असा वागू शकतो, म्हणून ती तपासणी. किडनीची तपासणी, कारण जी गोळी द्यायची तिचा भार किडनीवर येतो. लघवीही तपासली, नशेचं काही घेतलंय का ते बघायला. आईला ते कळल्यावर ती शरमली. डॉक्टर तिला म्हणाल्या, "हे सगळ्यांचंच करतो आम्ही. तुमच्या मुलीवर शंका नाही."

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का?

"माझा एक चुलता व्हता," आबा म्हणाले. "मेंढरं घिऊन गेला आन् वाटंत भेटंल त्याला मेंढरं वाटत सुटला. लोक देवमाणूस म्हणून पाया पडाय लागले त्याच्या. घरी आला तो नुसता पडून ऱ्हायला. वरीसभर कुणाशी बोलला न्हाय." मग त्यांनी विचारलं, "त्याला बी ह्योच आजार आसंल का ओ?"

"असेल," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा कुणी ओळखला नाही."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. "हिला भरती करून घ्या," ते म्हणाले.

वॉर्डातले पहिले दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. इंजेक्शननं लागलेली झोप. खिडकीची हिरवी जाळी. बायकांच्या वॉर्डात आई माझ्याजवळ, आबा बाहेरच्या बाकावर. मी आईला सारखा एकच प्रश्न विचारत होते, "आई, आपली शेळी व्याली का?" ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगायची, "व्याली की. दोन करडं झाली." एकदाही ती म्हणाली नाही की आत्ताच सांगितलं.

लिथियम नावाची गोळी सुरू झाली. हा एक क्षार आहे, मनाचा तोल सांभाळणारा. रक्तात तो कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर धोका, म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. पाणी भरपूर प्यायचं, मीठ मनानं बंद करायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. सुरुवातीला तहान फार लागायची, हात थरथरायचे, वजन वाढलं. हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरून गोळ्या सोडल्या नाहीत. तुम्हीही मनानं सोडू नका. त्रास झाला तर सांगा, डोस बदलता येतो.

मेनिया उतरला आणि मला सगळं दिसायला लागलं. मी काय काय बोलले, कुणाकुणाला फोन केले. घरी शेळगावला आणल्यावर मी पांघरूण डोक्यावरून घेऊन पडायचे. लोक बघायला येत. दारातून आवाज यायचा, "काय झालं व्हतं ओ पोरीला?"

ताप, अशक्तपणा, काहीही सांगता आलं असतं. आबा सांगायचे, "मनाचा आजार हाय. गोळ्या चालू हायत, उतार पडतोय. च्या घेता का?"

विचारणारा चहा पिऊन निघून जायचा. पुढचा प्रश्न त्याला सुचतच नसे.

मामांना मात्र सुचलं. ते म्हणाले, शिक्षण बास झालं, डोक्यावर ताण आला, आता लग्न उरकून टाका म्हणजे आपोआप बरी हुईल. आबा त्यांना काही बोलले नाहीत आणि त्याचीच मला धास्ती बसली. पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "लग्न हे औषध नाही. पुढं कधी केलंत तर समोरच्यांना आजार सांगून करा. आत्ता तिला काय हवंय ते तिला विचारा."

मला कॉलेज हवं होतं. पण ते म्हणायची ताकद नव्हती.

अशात एका रविवारी तेजू एसटीनं शेळगावला आली. उन्हातून चालत आलेली, घामाघूम. आईनं तिला पाणी दिलं. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"माझा राग आलाय ना?" तिनं विचारलं.

"आला होता."

"आणि आता?"

"आता मला तुझ्याकडं बघवत नाही."

"मग नको बघू," ती म्हणाली. "शेंगा फोड." आईनं भुईमुगाच्या शेंगांची पाटी पुढं ठेवली होती. आम्ही कितीतरी वेळ नुसत्या शेंगा फोडत बसलो. त्या दुपारी माझ्याकडून कुणालाच काही नको होतं.

निघताना आबांनी तिला विचारलं, "तू ऱ्हाशील का पोरी हिच्या खोलीत? तर मी धाडतो तिला."

तेजूनं जरा विचार केला. "राहीन, काका. पण मी तिची राखण करणार नाही. गोळ्या तिनं घ्यायच्या, बघायचं डॉक्टरांनी. मी मैत्रीण म्हणूनच राहणार. झोप उडाली किंवा जेवण तुटलं तर मात्र तिला सांगून तुम्हाला फोन करणार."

"व्हय, तसंच कर," आबा म्हणाले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जायाचं का तुला?"

मी होकारार्थी मान हलवली.

माझं एक सत्र बुडालं होतं. माने मॅडमनी कॉलेजात बोलून ते पुन्हा करायची सोय केली. थरथरत्या हातानं लॅबमध्ये काम जमेना, तेव्हा त्या म्हणाल्या, "घाई काय आहे? टेबलावर कोपर टेकव आणि कर." तेजू माझ्या आधी पास झाली. तोवर मी एकटी राहायला शिकले होते. झोपायची वेळ मी मोडत नाही, परीक्षेतसुद्धा. दवाखान्याची तारीख चुकवत नाही. मधे एकदा मन पुन्हा खाली गेलं. तेव्हा मीच डॉक्टरांना फोन केला, आणि ते लवकर सावरलं.

तुमच्या खोलीत, वर्गात कुणी अचानक बदललं असेल, गप्प झालं असेल किंवा थांबतच नसेल, तर त्याला विचारा, झोपतोस का, जेवतोस का. वाद घालू नका. एकट्यानं सांभाळायचा प्रयत्नही करू नका, एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या. तेजू त्या दिवशी जिन्यावरून तिसऱ्यांदा परत फिरली असती तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. बरं झाल्यावर हसायची भीती वाटते. मी जरा मोठ्यानं हसले की घरात सगळे क्षणभर गप्प होत, आणि मी पण आतल्या आत चाचपून बघायचे, हे माझं हसू आहे की आजाराचं?

एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मी घरीच होते. मोबाईलवर पास दिसलं आणि मला इतकं हसू आलं की आवरेना. चुलत भाऊ माझी नक्कल करून नाचायला लागला, तशी मी अजूनच हसले. आबा दारात आले आणि तिथंच थांबले. आई चुलीपुढून उठून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"राती झोप लागली व्हती का?"

"लागली होती."

"सकाळी जेवलीस न्हवं?"

"तुझ्यासमोरच जेवले की."

"मग हास," आई म्हणाली, आणि ती स्वतःही हसायला लागली.