वहीतले पक्षी

शेवटच्या बसथांब्यामागे टायरचं दुकान होतं, दुकानामागे तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या आत पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली पाणथळ. राखून ठेवलेली म्हणजे विसरून गेलेली, असा सरकारी अर्थ धरायचा. फाटकावरची पाटी इतकी गंजली होती, की चुकून कुणी आत आलंच तर ते टायरवाल्याचं गोदाम समजून.

इथल्या राखणदाराला टायरवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे बगळेमामा म्हणत. उंच, किडकिडीत माणूस, गुडघा दुखतो म्हणून एका पायावर भार देऊन उभा राहणारा. नाव पडायला एवढं पुरलं. सव्वीस वर्षं मामा रोज सकाळी बांधावरून चालत, लव्हाळ्यात डोकावत, पक्षी मोजत आणि आकडा वहीत लिहीत. महिनाअखेरीला वही कार्यालयात जमा व्हायची, तिची एक प्रत मामा स्वतःजवळ ठेवत.

दहा वर्षांपूर्वी वरच्या अंगाला रस्ता झाला, ओढ्याचं पाणी वळलं आणि पाणथळ आटायला लागली. हजाराचे चारशे झाले, चारशेचे साठ. पक्षी नाहीत म्हटल्यावर साहेब जागेलाच कुलूप घालणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? तेव्हा एका सकाळी मामांनी रस्त्याआधीच्या वहीची प्रत काढली आणि त्याच तारखेचा आकडा नव्या वहीत उतरवला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुठे पाच कमी, कुठे सात जास्त, अगदी बेमालूम. वहीत झुंबड आणि पाण्यावर शुकशुकाट, अशी आठ वर्षं गेली.

यंदा कार्यालयात नव्या पाहणी अधिकारी आल्या. मामांच्या लेकीच्या वयाच्या, हुशार, कामाला वाघ. त्यांनी सगळ्या वह्या वाचल्या. सव्वीस वर्षांत त्या वाचणाऱ्या पहिल्याच. मग फाटकाशी येऊन त्यांनी मामांना कौतुकाने सांगितलं, की पाणी निम्मं झालं तरी पक्षी घटलेले नाहीत. म्हणजे त्यांना एवढी जागा लागतच नाही. खालची बाजू भरून तिथे ट्रक उभे करायला हरकत नाही, अशी शिफारस त्या करणार होत्या. मामांच्या वह्यांचा त्यात मोठा आधार झाला होता.

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतलेला माणूस घरी गेला आणि न जेवता भिंतीकडे बघत बसला. बायकोने वाळलेले कपडे घड्या करत सगळं ऐकून घेतलं.

"सहा महिने राहिलेत निवृत्तीला," ती म्हणाली. "आठ वर्षं गप्प होतात, आणखी सहा महिने बसा की."

"थकलो गं मी. खोटं लिहून लिहूनसुद्धा माणूस थकतो."

सकाळी तिने त्यांचा बरा सदरा तेवढा काढून ठेवला.

मामांनी कार्यालयात जाऊन उभ्यानेच सगळं कबूल केलं. अधिकारी बाईंनी समोरची वही मिटली.

"आठ वर्षं खोटं लिहिलंत म्हणता. मग आज खरं बोलताय, हे मी कशावरून धरू?"

मग बाईंनीच ठरवलं, की गुरुवारी सकाळी आठला त्या स्वतः येऊन मोजतील आणि जे दिसेल तेच अहवालात जाईल. मामांचं काय करायचं ते नंतर बघू.

गुरुवारी मामा सहालाच बांधावर पोचले आणि जागीच थबकले. पाणी बदकांनी भरलं होतं. तीनशे तरी असतील. लांबच्या प्रवासातली, दमलेली, पंखात मान घालून झोपलेली. एक दिवस टेकून पुढे जाणारी. आठ वर्षांत एवढी कधी उतरली नव्हती. मामांना इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

ती आपणहून उडतील म्हणून त्यांनी वाट पाहिली. सात वाजले, साडेसात वाजले. एकही हललं नाही. आठला वीस मिनिटं कमी असताना मामा गुडघाभर चिखलात उतरले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन-चार माना वर झाल्या. मामा आणखी पुढे गेले, हाळ्या दिल्या, घसा बसेपर्यंत ओरडले. सगळा थवा उठला. दोनदा घिरटी घालून पुन्हा उतरायला बघत होता, पण मामा टाळ्या वाजवतच राहिले. तळहातांची आग व्हायला लागली तेव्हा आकाश रिकामं झालं.

बाई आठला आल्या. सबंध बांध चालून त्यांनी मोजलं: नऊ पाणकोंबड्या, सात शेकाटे, तीन पाणकावळे. एकूण एकोणीस.

"खरं बोललात, मामा," त्या म्हणाल्या. "शिफारस मागे घेते मी." मग त्यांचं लक्ष मामांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे गेलं. "आत कशाला उतरला होतात?"

"दिसतायत का ते बघायला," मामा म्हणाले आणि आकड्याखाली सही करायला त्यांनी पेन मागितलं.