गवसणीवरचा तीन नंबर

बेंगळुरूतलं बनशंकरीचं घर महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं होतं. बाबा जाऊन पाच महिने झाले होते, आई माझ्याकडे मारतहळ्ळीला राहायला आली होती, आणि घरातली कुठली वस्तू कुठे जाणार ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. वाद्यांचं पान वेगळं होतं. त्या पानाचा मला जरा अभिमान होता, कारण ते मी बाबा असतानाच, त्यांना समोर बसवून तयार केलं होतं.

बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरीसाठी मिरजेकडून बेंगळुरूला आले ते इथलेच झाले. दर गुरुवारी मराठी मंडळींच्या भजनात पखवाज वाजवायचे. घरात तबल्याचा जोड, ढोलकी, इथे आल्यावर हौसेने घेतलेला मृदंगम आणि दोन पखवाज होते. एक पखवाज आजोबांचा. दुसरा बाबांनी नोकरी लागल्यावर घेतलेला, पण तोही कुणाचा तरी जुनाच. दोन्ही खैराचे, दोन्ही काळपट, मापाला जवळजवळ सारखे. दादाने आणि मी ते लहानपणापासून पाहिले होते, पण कुठला कोणता हे ओळखायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

यादी केली तो रविवार होता. मी नंबरांच्या चिकटपट्ट्या काढल्या तर बाबा म्हणाले, “लाकडाला गोंद लावायचा नाही.”

“मग नंबर कुठे घालू?”

“तुझ्या कपाळावर घाल.”

शेवटी प्रत्येक वाद्याच्या गवसणीवर, म्हणजे कापडी खोळीवर, न पुसल्या जाणाऱ्या शाईने नंबर टाकायचं ठरलं. तबला एक, ढोलकी दोन.

“तीन नंबर आजोबांचा ना?”

“हो. ऐक, एकदा सप्ताह चालू असताना काय झालं...”

“बाबा, रकाना एवढाच आहे.”

ते हसले. “बरं बाई. मग एवढंच लिही. डाव्या तोंडाजवळ जे...”

“चार नंबर?” मी विचारलं. मला एक वाजायच्या आत निघायचं होतं.

“चार तो माझा,” ते म्हणाले.

दादा पुण्याला असतो. त्याची मुलगी, माझी भाची, तीन वर्षं पखवाज शिकतेय. “आजोबांचा तेवढा मला पाठव,” तो फोनवर म्हणाला. “तिला तोच द्यायचा असं बाबांनी सांगितलं होतं. बाकीचं तू बघ.”

“काळजी करू नकोस. यादी आहे.”

“तुझी यादी असल्यावर देवालासुद्धा काळजी नाही.”

किंमत कळावी म्हणून मी दोन्ही पखवाज गाडीत घालून बळेपेटेत नेले. तिथे वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. घराणं कित्येक पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. त्यांनी गवसण्या काढून बाजूला ठेवल्या, खोडं हातात तोलली, बोटांनी ठोकून पाहिली.

“अक्का, चामड्याला किंमत नाही. ते बदलायचंच असतं. किंमत ह्या खोडाला. हे बघा, दोन्ही हाताने कोरलेले. यंत्राचं काम नाही.”

“जास्त जुना कुठला?”

“स्वल्प इकडेतिकडे. दोन्ही जुने. दोन्हींची किंमत एकच धरा.”

“ह्यातला तीन नंबर आमच्या आजोबांचा आहे.”

“सरी, बरं. मग तो विकू नका,” ते म्हणाले आणि त्यांनी गवसण्या परत चढवल्या. तीनची तीनवर, चारची चारवर. मी लक्ष ठेवून होते.

चार नंबर हॉटेलांची सजावट करणाऱ्या एका बाईंनी घेतला. म्हाताऱ्यांनी सांगितलेली किंमत त्यांनी घासाघीस न करता दिली. मी त्या ओळीवर बरोबरची खूण केली. तबला-ढोलकी भजनी मंडळाला गेली, मृदंगम शेजारच्या शिक्षकांना. तीन दिवसांत पान संपलं.

तीन नंबर पुण्याला पाठवण्यासाठी बांधत होते तेव्हा आई पलंगावर बसून बघत होती.

“ही गवसणी ह्याचीच ना?” ती म्हणाली. “तोंडाशी जरा ओढून बसल्यासारखी वाटतेय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? खंडेनवमीला मी सगळ्या धुते ना. वाद्यं पुजायची तर खोळी मळक्या कशा ठेवायच्या? वाळल्या की हे आपले आपण चढवायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत.”

“आणि गेल्या वर्षी?”

गेल्या खंडेनवमीला बाबा दवाखान्यात होते. 

“मीच चढवल्या,” ती म्हणाली. “हळदकुंकू लावलं आणि हाताला येईल ती चढवली.”

“आई, त्यावर नंबर होते!”

“मला काय माहीत नंबर कसले? मला वाटलं लाँड्रीची खूण.”

मी लगेच त्या बाईंना फोन केला. पखवाज कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, एका हॉटेलात पोचला होता. “इतका सुंदर दिसतोय!” म्हणून त्यांनी फोटो पाठवला. पखवाज उभा केलेला, वरच्या तोंडावर गोल काच, काचेवर कॉफीचा कप. परत घेता येईल का, असं मी विचारलं. त्या अडखळल्या. खालचं तोंड जमिनीत स्क्रूने पक्कं केलं होतं आणि हॉटेलवाल्यांनी त्याचे पैसेही दिले होते. मी हॉटेलला फोन केला. तिथल्या मॅनेजरने नम्रपणे माझा नंबर लिहून घेतला.

मग वही उघडली. तिसऱ्या ओळीत माझ्या नीटस अक्षरात होतं: पखवाज, खैर, आजोबांचा, डाव्या तोंडाजवळ. पुढे काही नाही.

घरातला पखवाज उजेडात नेऊन मी डावं तोंड पाहिलं. काठाशी लाखेने बुजवलेली एक चीर होती. तिच्या वर बारीक खिळा ठोकलेला. खाली भाजल्यासारखा काळा डाग. यातलं बाबा जे सांगणार होते ते कुठलं? की ते सगळं दुसऱ्यावर होतं आणि हे भलतंच काही? कोडगूला शाईचं उजवं तोंड काचेखाली दिसत होतं; डावं खाली, जमिनीला टेकलेलं. फोटो कितीही मोठा केला तरी ते दिसणार नव्हतं.

“वाजवून बघ,” आई म्हणाली. “हे वाजवायचे तेव्हा मी स्वयंपाकघरातून सांगायचे, आज कुठला काढलाय ते.” तिने लिंबाएवढी कणीक भिजवली आणि बाबा थापायचे तशी डाव्या तोंडावर थापली. मी वाजवलं. मला वाजवता येत नाही. तिने डोळे मिटून ऐकलं, परत वाजवायला सांगितलं, परत ऐकलं.

“धुणं आपटल्यासारखं येतंय,” ती म्हणाली. “त्यांचा हात पाहिजे.” मग तिने कणीक काढून घेतली आणि ओला हात पदराला पुसला.

दादाला मी त्याच दिवशी सांगितलं. लपवून ठेवणं मला जमलं नसतं.  मी यादीवरून त्याच्या टोमण्याची वाट पाहत होते. टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं.

“म्हणजे निम्मी शक्यता आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“पोरीला काय सांगू?”

मी वही मिटली. शेवटी तोच म्हणाला, “पाठव.”

पार्सल घेऊन गेले तर काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. वस्तूचं वर्णन. अंदाजे किंमत. वर्णनात मी ‘पखवाज, एक’ लिहिलं. ‘आजोबांचा’ लिहिण्यासाठी पेन टेकवलं होतं, ते उचललं. किमतीच्या चौकटीपाशी थांबले. मागे रांग वाढत होती.

“कुछ तो लिखना पड़ेगा, मॅडम,” तो म्हणाला.

मग कोडगूच्या पखवाजाला आलेली रक्कम मी ह्याच्यापुढे लिहिली आणि खाली सही केली.