बटण नसलेला दांडा

"बटण कशाला पायजे? ठेव ते बाजूला," शेठ म्हणाले आणि माझ्या हातातला गिअरचा दांडा त्यांनी बाकावर टाकला.

यवतला हायवेलगतच्या शेठच्या गॅरेजात मी हेडमेकॅनिक होतो. समोर पाटसच्या आप्पांचा ट्रक उभा होता, लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातून त्यांच्या वडिलांनी घेतलेला. उसाची मोळी पडून आप्पांचा डावा पाय अधू झाला होता. क्लच दबत नव्हता. म्हणून भंगारातल्या परदेशी जीपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आम्ही त्यात बसवला. त्याला क्लच नाही. दांडा पुढे-मागे सरकवून पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह निवडायचं. आप्पांना आपला ट्रक पुन्हा स्वतः चालवायचा होता, बाकी काही नाही.

दांडे दोन होते. जीपच्या दांड्याला अंगठ्याचं बटण. ते दाबल्याशिवाय दांडा पार्कमधून हलत नाही. बुडात स्विच, त्यामुळे गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन सुरूच होत नाही. दुसरा ट्रकचा मूळचा, लांब, काळ्या गोळ्याचा.

"शेठ, जुन्याला लॉक न्हाई, स्विच न्हाई."

"आरं, ट्रकचा फोटो गॅरेजात लावायचाय. ते प्लॅस्टिकचं खेळणं बसवून शोभा घालवतो व्हय?"

मी जुनाच दांडा बसवला. आणखी बोलायला हवं होतं.

आमच्याकडचा कुठलाही जुना ड्रायव्हर चावी फिरवण्याआधी दांडा खडखडवून बघतो, न्यूट्रल आहे ना. चौथ्या दिवशी आप्पांनी तेच केलं. पार्कमधला दांडा रिव्हर्सला आला. इंजिन सुरू झालं आणि ट्रक मागे गेला, तो गोठ्याची भिंत पाडूनच थांबला. म्हशी चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

शेठ आणि मी पोचलो तेव्हा आप्पा घराच्या ओट्यावर बसले होते. ट्रकची चावी त्यांच्या मुलाने काढून घेतली होती.

"वय झालं आप्पा. घाबरला आसाल," शेठ म्हणाले.

"पायच धड न्हाई, माझंच चुकलं." आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "व्हय ना रं, मिस्तरी?"

शेठ शेजारीच उभे होते. मी मान डोलावली. त्याची लाज आजही वाटते.

आठवड्याभरात बटणाचा दांडा बसवून ट्रक परत दिला. न्यायला दोघे आले. आप्पा क्लीनरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगवर मुलगा. त्याचे दोन्ही पाय धड होते, त्याला ऑटोमॅटिकची गरजच नव्हती.

दांडा निवडताना ड्रायव्हरच्या हाताची सवय आधी बघावी, शोभा नंतर. आणि चूक आपली असेल तर ती तिथल्या तिथे सांगावी. नंतर सांगायला आप्पा राहिले नाहीत.